खाली नसलेली खोली

आमच्या समोरचे अंबादासकाका आल्यागेल्याचं स्वागत उलटे होऊन करतात. ओसरीवर सतरंजी, कंबर भिंतीला चिकटलेली, दोन्ही पाय भिंतीवर सरळ वर आणि डोकं दाराकडं. तुम्ही उंबऱ्याशी आलात की आधी हनुवटी दिसते, मग मिशी, मग डोळे. ते डोळे तुमच्याकडं बघून म्हणतात, "या, बसा. दहा मिनटं राहिलीत." ही दहा मिनिटं रक्त डोक्याकडं उतरायची. तोवर तुम्ही खुर्चीवर बसून त्यांच्या तळव्यांशी गप्पा मारायच्या. मी लग्न होऊन तुळजापूरला आले तेव्हा नमस्कार करायला वाकले आणि पाय कुठं आहेत ते शोधत राहिले. सासूबाईंनी डोळ्यांनीच भिंत दाखवली.

या सगळ्याला कारण टीव्ही. अंतराळात तरंगणारी माणसं त्यांनी कधीतरी टीव्हीवर पाहिली आणि तेव्हापासून त्यांना जमिनीचं वावडं झालं. वजन नसलं की रक्त पायात उतरत नाही, वर चढून बसतं, तोंड सुजतं, पिंढऱ्या काटकुळ्या होतात, हे ते दूधवाल्यालाही सांगतात. स्वतःची पिंढरी दर सोमवारी शिंप्याच्या टेपनं मोजतात आणि आकडा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहितात. "सगळं वजनाचं सोंग हाय" हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजी महागली, पोरगं नापास झालं, पाणी दोन दिवस आलं नाही, काहीही सांगा, काका मान हलवून तेच म्हणणार.

घराणं देवीच्या पुजाऱ्यांचं. चुलतभाऊ अजून पाळीनं पूजेला उभे राहतात. काकांनी मात्र धाराशिवच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंटची नोकरी धरली आणि तीस वर्षं एसटीनं ये-जा केली. बेडूक टाचण्या लावून मांडायचे, काचपट्ट्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकात मुलांना काही दिसलं नाही तर दिसेपर्यंत मागं उभं राहायचं. प्राध्यापक बदलत गेले, काका राहिले. शिकवायचा अधिकार नव्हता म्हणून त्यांचं सगळं शिकवणं गल्लीच्या वाट्याला आलं.

त्यांचा दुसरा नाद नसांचा. खिशात कायम एक छोटी टॉर्च. गप्पा मारता मारता ती तुमच्या कानामागं लावतात आणि पुढून वाकून बघतात. उजेडात कान लालभडक होतो, आत बारीक फांद्या दिसतात. एकदा त्यांनी सासूबाईंचा कान असा पाहिला आणि आरसा आणून त्यांनाही दाखवला. सासूबाई दोन दिवस तो कान पदराखाली झाकून फिरत होत्या. माझ्या अंगात असं काहीतरी चाललंय आणि मला कुणी विचारलंच नाही, असं त्या म्हणाल्या. मी हसले खरी, पण रात्री माझाही हात कानाकडं गेला.

"नस म्हंजी वाट," काका सांगायचे. "वाट हाय तवर गाव हाय." हे ते हसून सांगत, पण हल्ली सांगताना त्यांची नजर घराच्या आतल्या बाजूला जायची, आणि का जायची ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

कमलकाकूंच्या अंगावरून वारं गेलं त्याला चार वर्षं झाली. डावी बाजू लुळी पडली. साखरेचा आजार आधीपासूनचा. पडून पडून डाव्या टाचेला जखम झाली आणि ती भरेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, टाचेपर्यंत रक्तच पोचत नाही, नव्या नसा फुटल्या तर जखम भरेल, नाहीतर पाऊल जाईल. दीड वर्षापूर्वी काकूंना ताप चढला, शुद्ध हरपली. तीन आठवडे त्या सोलापूरच्या दवाखान्यात होत्या. मग एका संध्याकाळी काका त्यांना गाडीतून घेऊन आले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर काकूंना गल्लीत कुणी पाहिलं नाही.

भेटायला गेलं की काका ओसरीवरूनच परतवायचे. टाच हवेत ठेवलीय, वजन काढून टाकलंय, बाहेरच्या माणसाबरोबर जंतू येतात, आता भरत आलीय, थोडं थांबा. हे थोडं दीड वर्ष चाललं. आतून दर दोन तासांनी कप्पीची कुरकुर यायची, दोर ताणल्याचा आवाज यायचा आणि काकूंचा बारीक आवाज विचारायचा, "आता कुठली बाजू?" दुपारी आमच्या गच्चीवर पापड उचलताना मी तो आवाज कितीदा ऐकला. माणूस दिसत नाही आणि आवाज मात्र घड्याळासारखा येतो, याची सवय काही होत नाही. गल्लीतल्या एकदोघी तर हळूच म्हणायला लागल्या होत्या की काकू दवाखान्यातच गेल्या, आणि हे जे बोलतंय ते काका दोन आवाजांत बोलतायत.

मला या असल्या गोष्टी ऐकायला आवडतात आणि नंतर झोप येत नाही. आमचं लॉज काकांच्या घरासमोरच. तेरा खोल्या, यात्रेत अंगणातही माणसं. सात नंबरच्या खोलीची खिडकी थेट काकांच्या माजघराच्या खिडकीत बघते. यंदा भाद्रपदात त्या खोलीतली एक बाई संध्याकाळी जिना उतरून खाली आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, आई हितं आलीय."

मी वर जाऊन पाहिलं. समोरच्या अंधाऱ्या माजघरात लाल गोळे होते. मुठीएवढे, आतून पेटलेले, आणि प्रत्येकात लाल दोऱ्यांचं जाळं. ते हवेत हळूहळू फिरत होते, एकदा आडवे, एकदा उभे, एकदा तिरके, आणि कधीच पहिल्या जागी येत नव्हते. त्यांच्या मागं, आणखी आत, अर्धवट सरकलेल्या पडद्याच्या फटीत, छताजवळून एक पांढरं पाऊल लोंबत होतं. एकच. गुडघा नाही, माणूस नाही. मी खिडकी लावून घेतली आणि त्या बाईला म्हटलं, लायटिंग आहे. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

आता यात त्या बाईची चूक नव्हती. नवरात्राच्या आधी आमची देवी मंचकी निद्रेला जाते. सिंहासनावरची मूर्ती उचलून पलंगावर निजवतात. लांबून आलेल्या माणसाला रिकामं सिंहासन दिसतं, आणि मग समोरच्या घरात कुंकवासारखे लाल गोळे आणि एक पाऊल दिसतं. त्या बाईनं दोन आणि दोन चार केले. गर्दीपासून बाजूला, शांत घरात, आई निजायला आलीय. दुसऱ्या दिवशी काकांच्या उंबऱ्यावर नारळ होता. तिसऱ्या दिवशी खणानारळाच्या पाच ओट्या, आणि सात नंबरची खोली मागायला रांग. काका ओट्या उचलून आत नेत.

गल्लीत मात्र दोन तट पडले. निम्मे म्हणाले देवी, निम्मे म्हणाले भानामती. चुलतभावांपैकी थोरले दिगंबरदादा दोन्हींवर चिडले. देवी झोपलीय ती मंदिरात, तिला निजवणाऱ्यांत आम्ही स्वतः आहोत, आणि आमच्याच घराण्यातला माणूस दुसरी देवी मांडून बसलाय म्हटल्यावर तोंड कुठं दाखवायचं, असा त्यांचा सवाल. त्यांनी काकांना निरोप धाडला की घटस्थापनेच्या आदल्या दिवशी येऊन आत जे काय मांडलंय ते बाहेर काढणार. काकांचा उलट निरोप आला, टाच भरेपर्यंत थांबा, मग मीच काढतो. टाचेचा आणि त्या लाल गोळ्यांचा संबंध काय ते कुणालाच कळेना. शेवटी आत जाऊन बघायचं काम माझ्यावर आलं, कारण लॉज माझं, खिडकी माझी, आणि दिगंबरदादांच्या मते बोलायची हौसही माझीच.

मी भर दुपारी गेले. काका त्या दिवशी सुलटे होते. त्यांनी मला माजघराच्या दाराशी उभं केलं, खिडकी लावली, आणि दिव्यांचं बटण दाबलं. टेबलफॅनची मोटर, शिलाई मशीनचा पट्टा, सायकलच्या दोन रिंगा एकीत एक बसवलेल्या. बाहेरची एका दिशेनं फिरते, आतली दुसऱ्या. आतल्या रिंगेत अंडी उबवायचा आरपार दिसणारा डबा, डब्यात सहा गावरान अंडी, प्रत्येकाच्या मागं एक बारीक दिवा. कोपऱ्यात तसाच दुसरा डबा होता, न फिरणारा, ताडून बघायला. देवी म्हणून जिची ओटी भरली जात होती ती अंडी होती, हे कळल्यावर मला हसू फुटायला हवं होतं. पण काकांनी माझं बोट धरून एका अंड्याजवळ नेलं. जाळ्याच्या मधोमध एक लाल ठिपका होता आणि तो उडत होता. इतका जोरात, की मी माझा श्वास धरला.

काका हळू आवाजात सांगत होते. नसांच्या आतून जे अस्तर असतं, त्या पेशींना खाली कुठं ते कळतं. मोठ्या प्रयोगशाळांत त्या काचेत वाढवतात, अंतराळातही नेतात. आपल्याकडं काच नाही, म्हणून अंडी. अंडं सतत सगळीकडून फिरवत ठेवलं तर वजन जात नाही, पण त्याला खालचा पत्ता सापडत नाही. मग नवी नस फुटते का, कशी फुटते, ते बघायचं. मी विचारलं, मग फुटते का?

"कदी फुटते, कदी आटते. पुस्तकवाल्यांचंबी एकमत न्हाई," ते म्हणाले. "पण सूनबाई, एक वाचलंय म्या. त्या पेशींचं बूड सुटलं ना, की काही गोळा होऊन मरतात. आन काही एकमेकीला धरतात, धरून धरून नळी करतात. कुणी सांगितलेलं नसतं त्यांना."

तेवढ्यात माजघराच्या पलीकडच्या पडद्यामागून काकूंचा आवाज आला. वेळ झाली, आता कुठली बाजू? मी दचकले. इतक्या जवळून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. काका पडद्याआड गेले. कप्पी कुरकुरली, आणि पडद्यावर त्या पावलाची सावली हळूहळू वर चढत गेली. मी तिथून निघाले ते घरी येऊनच थांबले. पायात एक चप्पल माझी होती, एक काकांची.

दिगंबरदादांना मी अंडी आहेत एवढंच सांगितलं. त्यांचा राग दुप्पट झाला. देवीच्या नावानं अंड्यांची ओटी भरली गेली म्हटल्यावर त्यांना बसवेना. आता निरोपाबिरोपाचा प्रश्नच नाही, आदल्या दिवशी सकाळी येणार म्हणजे येणार.

त्या सकाळी सात वाजता काकाच आमच्या दारात उभे राहिले. उजवा हात गळ्यात बांधलेला. रात्री भिंतीशी नुसत्या हातांवर उभं राहायला गेले आणि पडले, मनगट मोडलं होतं. इतकी वर्षं उलटा राहणारा माणूस शेवटी पडलाच, असं काहीतरी मी बोलणार होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि जीभ आवरली. ते म्हणाले, एका हातानं तिला कूस बदलता येत नाही, काल रात्रीपासून ती एकाच बाजूवर आहे, पाठीला दुसरी जखम होईल. बाईमाणूस पाहिजे. चल.

ओसरीवर त्यांनी मला थांबवलं. आवाज अगदी खाली आणला.

"आत गेल्यावर पायाचं काही बोलायचं न्हाई. डावं पाऊल न्हाईये. सोलापूरलाच काढलं. ती शुद्धीत नव्हती, मीच सही केली. तिला म्हाईत न्हाई."

मला काही समजेना. मी विचारलं, मग ते लोंबतंय ते काय? कापूस, ते म्हणाले. कापूस आणि जुनं धोतर. पाऊल होतं तेव्हाच त्यांनी ती झोळी बांधली होती, टाच अधांतरी राहावी, वजन पडू नये, नव्या नसा फुटाव्यात म्हणून. अंडी लावायचंही तेव्हाच सुरू केलं. मग पाऊल गेलं. काकू शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, टाच कशी आहे? काकांच्या तोंडून निघून गेलं, भरतेय. ते एकदा निघालं ते निघालं. आता दर महिन्याला ते झोळीतला कापूस बदलतात, पावलाचा आकार देतात, आणि अंड्यात काय दिसलं ते रोज काकूंना सांगतात. यंत्र काढलं तर काय सांगू तिला, त्यांनी मला विचारलं.

पडद्याआड कमलकाकू होत्या. खऱ्या, जिवंत, केस विंचरलेले, कपाळावर कुंकू. खोली मात्र मी पाहिलेल्या कुठल्याच खोलीसारखी नव्हती. पलंगाचे चारही पाय दोरांनी छताला बांधलेले. पलंग जमिनीला टेकत नव्हता, हात लावला की हलायचा. पाणी, औषधं, कंगवा, फोन, सगळं दोऱ्यांनी वरून सोडलेलं. उंबऱ्यावरून उचललेल्या ओट्यांचे खणसुद्धा एका दोरीवर ओळीनं टांगले होते. जमिनीवर काही म्हणजे काही नव्हतं. आणि मधोमध, चादरीत झाकलेल्या डाव्या पायाच्या टोकाशी, ते पांढरं पाऊल, कापसाचं, नीट वळवलेलं, टाचेला गोलाई दिलेली. बोटांची जागासुद्धा केली होती. मी नजर वळवली, पण काकांच्या हाताचं कौतुकही वाटलं.

मी काकूंना कुशीवर वळवलं. वजन काहीच नव्हतं त्यांना. पाठ पुसली, पावडर लावली, चादर बदलली. पाठीवर एक साधा ओरखडा नव्हता. चार वर्षं पडून असलेल्या बाईची पाठ अशी राहत नाही, माझी आजी गेली तेव्हाची पाठ मी पाहिली आहे. दर दोन तासांची ती कुरकुर कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं, आणि गच्चीवर उभं राहून आम्ही बायका काय काय बोललो ते आठवून माझी मलाच लाज वाटली.

काका टॉर्च आणि अंडं आणायला पलीकडं गेले. काकूंनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"पाऊल न्हाई ते मला म्हाईत हाय," त्या कुजबुजल्या. "आल्या आल्याच कळलं. झोपेत उजवा पाय डाव्याला शोधत गेला. सापडला न्हाई."

मी हळूच विचारलं, दीड वर्ष? त्यांनी मान हलवली.

"पाऊल काढलं म्हणून मी खचंन, असं त्यांना वाटतं. माझं काय. पन मला कळलंय हे त्यांना कळलं ना, तर सही केलेली त्यांना पचायची न्हाई. ती मोटर बंद पडंल आन माणूस बसून राहील. म्हणून मी रोज इचारते, आज अंड्यात काय दिसलं. तू सांगू नको."

पलीकडून काकांची पावलं आली. काकूंनी मनगट सोडलं, डोळे मिटले आणि चेहरा पहिल्यासारखा केला. इतक्या सफाईनं, की मला शहारा आला. काका डाव्या हातात अंडं धरून आले आणि त्यामागं टॉर्च लावायला मला दिली. लाल जाळं पेटलं. रात्रीतून एक नवी फांदी फुटलीय बघ, ते काकूंना सांगत होते, इथनं निघून इथं मिळालीय, कुणी वाट दाखवली नाही तरी मिळालीय. काकू मन लावून बघत होत्या. कुठं, कुठं, असं विचारत होत्या. मला काही कळेना की या दोघांतलं कोण कुणाला समजावतंय.

मग काका माझ्याकडं वळले आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू आताच हात लावलास. खरं सांग. भरतेय ना टाच?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. काकांच्या डोळ्यांत विनवणी होती. काकूंच्याही होती, आणि ती काकांना दिसत नव्हती. मी त्या कापसाच्या टाचेवर हात ठेवला. ती मऊ होती आणि उन्हात असल्यासारखी थोडी ऊबदार लागली, आता हे माझ्या मनाचं असेल.

"भरतेय," मी म्हणाले.

"मी तुमाला म्हटलं न्हवतं?" काकू काकांना म्हणाल्या.

ओसरीवर दिगंबरदादा दोन माणसं घेऊन येऊन बसले होते. मी त्यांना सांगितलं, यंत्राला हात लावू नका. आमच्या लॉजचा जाड पडदा आजच त्या खिडकीला लावते, आता कुणाला काही दिसणार नाही. दिगंबरदादांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि टाच खरंच भरतेय का ते विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. ते उठले, चपला घातल्या, आणि आतल्या पडद्याकडं बघून, घरच्या देवाला करावा तसा, हात जोडून निघून गेले.

मी तिथंच ओसरीवर बसून राहिले. घरी जाऊन रडले असते तर सासूबाईंनी कारण विचारलं असतं.